खाडा, सुट्टी आणि रजा

गिरणगावच्या बोलीत 'सुट्टी' हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी 'खाडा' हा शब्द रुळलेला होता. हजेरीपटावर ज्या दिवशी कामगाराच्या नावापुढे खूण पडली नाही, तो दिवस म्हणजे खाडा. त्या दिवसाचा पगार बुडणे हे ओघानेच आले. परंतु काही गिरण्यांत 'डबल खाडा' नावाची आणखी एक रीत होती, जिच्यान्वये एक दिवस गैरहजर राहणाऱ्या इसमाचे दोन दिवसांचे वेतन कापले जाई, आणि जिची नोंद सरकारी चौकशांच्या अहवालांतही, लिपी इंग्रजी असली तरी, याच मराठी नावाने झालेली आहे. मूल आजारी होते की गावाहून तार आली होती, याची विचारपूस करण्याचे प्रयोजन त्या पटाला नव्हते. खाड्याला कारण नसे, दर मात्र असे.

आज दिवाळी सरते न सरते तोच पुढील वर्षाच्या सुट्ट्यांची यादी समोर घेऊन, कोणता सण शुक्रवारी पडतो, कोणता मंगळवारी, आणि मधल्या सोमवारी एक किरकोळ रजा टाकली असता सलग चार दिवस कसे पदरात पडतात, याचा सूक्ष्म हिशेब करणारा परळचा अथवा दादरचा नोकरदार पाहिला म्हणजे वडीलधारी मंडळी मिशीत हसतात, आणि ही नव्या पिढीच्या आळसाची करामत आहे असा निकाल देऊन मोकळी होतात. मला तो निकाल मान्य नाही. ही विद्या पंख्याखालच्या कचेरीत जन्मलेली नसून, एका कानाने गिरणीचा भोंगा आणि दुसऱ्या कानाने गावच्या देवळातला ढोल ऐकणाऱ्या, अशा दोन कालगणनांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाने ती पदरच्या पगाराची किंमत मोजून सिद्ध केलेली आहे.

शब्दांपासूनच आरंभ करू. 'सुट्टी' हा शब्द सुटण्यापासून आलेला, म्हणजे बंधन आपोआप गळून पडते तो दिवस. आणि 'रजा' हा फारसीच्या वाटेने आलेला, ज्याचा मूळ अर्थ संमती किंवा अनुज्ञा. सुट्टी सर्वांची असते आणि ती मागावी लागत नाही. रजा एकट्याची असते आणि ती मागितल्यावाचून मिळत नाही. न मागता मिळालेल्या सुट्टीला मागून मिळवलेली रजा अशा बेताने जोडावयाची की थोडक्या याचनेत पुष्कळ मोकळीक साधावी, एवढेच या विद्येचे सार आहे. आपल्या पूर्वजांना यांपैकी पहिलीचा परिचय चांगला होता. वेदपाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्यायाचे दिवस शास्त्रानेच ठरवून दिलेले होते, आणि मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला राहून दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने पुन्हा बाहेर पडत. काळाचे हे नियमन तिथींवर आणि ऋतूंवर होते. आठवड्यातील वाराला त्यात उपवासापलीकडे फारसे महत्त्व नव्हते.

वाराचे राज्य इंग्रजी अमदानीत आले, आणि त्याच्या कायदेशीर नोंदीची हकीकत मोठी मौजेची आहे. सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय, हे या देशात ज्या कायद्याने सांगितले तो कामगारांच्या हिताचा नव्हता, देवधर्माचाही नव्हता; तो हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांविषयीचा १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम होता. त्याच्या पंचविसाव्या कलमात असे आहे की हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती हुंडी लगतच्या आधीच्या कामाच्या दिवशी देय समजावी; आणि सार्वजनिक सुट्टी कोणती, तर मूळ मसुद्याप्रमाणे रविवार, इंग्रजी नववर्षदिन, नाताळ, गुड फ्रायडे, आणि सरकार राजपत्रात जाहीर करील तो दिवस. आजही महाराष्ट्र शासनाचा सामान्य प्रशासन विभाग दरसाल सुट्ट्यांची जी अधिसूचना काढतो, ती याच कलमाचा आणि केंद्राने १९६८ साली दिलेल्या अधिकाराचा हवाला देऊन काढतो. म्हणजे आपल्या गुढीपाडव्याची, ईदची आणि पारशी नववर्षाची शासकीय मान्यता शेवटी सावकाराच्या हुंडीला लटकलेली आहे.

त्याच १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदाही झाला. त्याने सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांना दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक राबवू नये आणि महिन्यातून चार दिवस सुट्टी द्यावी, एवढे ठरवले. वयात आलेल्या स्त्रीपुरुषांविषयी त्याने सुट्टीचा शब्दही काढला नाही. हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे चित्र असे दिसते की त्या साली हुंडीला विश्रांती मिळाली, बालकाला थोडी मिळाली, आणि ज्याच्या श्रमावर ती हुंडी वटत होती त्याला मात्र काहीच मिळाले नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी सुरू होऊन तोवर पाव शतक लोटले होते, आणि चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागांत धुराडी वाढत चालली होती. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, मोठ्या सणांना गिरणी बंद, आणि इतर दिवशी यंत्र थांबेल तेव्हाच माणूस थांबणार, अशी ती व्यवस्था होती. तिच्याविरुद्ध ज्यांनी संघटितपणे प्रथम आवाज उठवला ते नारायण मेघाजी लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, 'दीनबंधू' पत्राचे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला, ज्यात रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा मागण्या होत्या. पगाराच्या तारखेची मागणी सुट्टीच्या मागणीशेजारी बसली हा योगायोग मानू नये; पगार हाती पडल्यावाचून गावी जाता येत नाही, आणि हाती न पडलेला पगार सोडून गेले तर परत आल्यावर तो मिळेलच याची शाश्वती नाही, हे तो मसुदा लिहिणारास पुरते ठाऊक असले पाहिजे.

त्यानंतर सहा वर्षे गेली. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनीही त्या सभेत भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढील वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीचे तत्त्व देशभर लागू केले. रविवार हा ख्रिस्ती प्रार्थनेचा वार खरा, परंतु तो खंडोबाचाही वार असल्यामुळे सातारा-पुण्याकडच्या मंडळींना तो परका वाटण्याचे कारण नव्हते. सरकारी कचेऱ्या त्या दिवशी बंद असतच. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगाला बळी पडले. मुंबईच्या रविवारवर ज्याचे नाव कोरावे असा हा पुरुष. परंतु रविवारी दुपारी दोन घास अधिक जेवून पडी टाकणाऱ्या किती गिरगावकरांना त्याची आठवण होते, हे विचारण्यात अर्थ नाही.

रविवार मिळाला, पण रविवारी कोकण गाठता येत नाही. खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो, आणि माझ्या विषयाचा गाभाही हाच आहे. मुंबईचा कामगार सहकुटुंब स्थायिक झालेला क्वचित असे. त्याची बायकामुले, जमिनीचा तुकडा, कुळाचार आणि कर्ज ही चारही गावी असत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला फाल्गुनातील शिमग्याला पालखी नाचवण्यासाठी, वैशाखात लग्नकार्यासाठी आणि घर शाकारण्यासाठी, आणि भाद्रपदात गौरीगणपतीसाठी घरी जाणे प्राप्त होते. घाटावरच्या सातारकर-कोल्हापूरकराला चैत्रातील गावजत्रा आणि मृगाची पेरणी ओढून नेई. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१ पासून जी माहिती जमवण्यास प्रारंभ केला तिच्यातही गैरहजेरीचा भर उन्हाळ्याच्या महिन्यांत दिसून येई. मालकवर्ग याला कामगारांची चंचल वृत्ती म्हणे. वस्तुतः वर्षाचा हा आराखडा फार काटेकोर असे, फक्त तो गिरणीच्या कॅलेंडरावर न आखता पंचांगावर आखलेला असे, एवढाच त्याचा अपराध.

आणि त्या आराखड्यात प्रवासाचे गणित मिळवावे लागे. किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत जात, परंतु पावसाळ्याच्या तोंडाशी त्या बंद होत आणि दर्या शांत झाल्यावाचून सुरू होत नसत. यामुळे शिमग्याला जाणे सोपे आणि गणपतीला जाणे बिकट, असा विचित्र प्रकार होता. शिमग्याला बोट दारात सोडी, गणपतीला मात्र पायपीट, बैलगाडी आणि नदीच्या तरी यांत दोन-तीन दिवस सहज मोडत. चार दिवसांच्या सणासाठी दहा दिवसांची रजा का लागते, हे ज्या मुकादमाला कळे तो बहुधा स्वतःच कोकणातला असे. बंदराच्या आसपास फिरणाऱ्या बोटी पावसाळ्यातही चालू राहत, आणि त्यांपैकी 'रामदास' ही बोट १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. सणाला घरी पोचू पाहणारे कितीतरी चाकरमानी त्यांत होते. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते.

मुकादमाचा उल्लेख आला आहे, तर त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. गिरणीत कामाला लावणे, काढणे आणि रजा मंजूर करणे हे सारे व्यवहारतः त्याच्या हातात असे, आणि त्या प्रत्येक गोष्टीला त्याची दस्तुरी ठरलेली असे. गावाहून परतलेल्या कामगाराला स्वतःच्याच साच्यावर पुन्हा उभे राहण्यासाठी ती मोजावी लागे. तेव्हा शहाणा कामगार जाताना आपल्या जागी भाऊबंदांपैकी कोणाला तरी बदली म्हणून उभा करून जाई, जेणेकरून जागा घरातच राहावी. जी माणसे अशा ओळखीवाचून गिरणीच्या दाराशी भोंग्याच्या आधी येऊन उभी राहत, त्यांचे पोट दुसऱ्याच्या गैरहजेरीवर अवलंबून असे. शिमगा आला की त्यांना काम मिळे आणि शिमगा सरला की ती पुन्हा दाराबाहेर. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने 'बदली' कामगारांना कार्डे देऊन या प्रकाराला शिस्त लावली, मुकादमाचा हात थोडा आखडला; परंतु एकाची रजा म्हणजे दुसऱ्याची भाकरी, हे नाते तसेच राहिले. सुट्ट्यांच्या कोणत्याही इतिहासात या दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे नाव येत नाही, म्हणून मी ते मुद्दाम इथे नोंदवून ठेवतो.

व्हिटलीसाहेबांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात हिंदी कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडण्याऐवजी त्याला नियमित स्वरूप द्यावे, त्याला ठरावीक मुदतीची रजा आणि परतल्यावर कामाची हमी मिळावी, असे सुचवले. १९३६ साली जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने पगारी सुट्टीचा करार संमत केला, आणि त्याच साली फ्रान्सने आपल्या कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देऊन समुद्रकिनारे गजबजवले. मुंबईत ती गोष्ट यायला आणखी दहा वर्षे लागली, आणि ज्यांच्या हातून आली त्यांचा परळशी निकटचा संबंध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेपासून बरीच वर्षे परळच्या बीआयटी चाळीत राहिले. भोंग्याने उठणारी आणि भोंग्याने निजणारी वस्ती त्यांनी खिडकीतून पाहिलेली होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना पगारी सुट्ट्यांचे दुरुस्ती विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. १९४५ साली त्याचा कायदा झाला, आणि १९४६ च्या आरंभापासून बारा महिने सलग नोकरी केलेल्या प्रौढ कामगारास वर्षाला दहा दिवसांची, व अल्पवयीन कामगारास चौदा दिवसांची, भरपगारी रजा मिळू लागली. 'हक्काची रजा' हा शब्दप्रयोग पूर्वीच्या पिढीने उच्चारला असता तर तो वदतोव्याघात ठरला असता; कारण जी रजा ती अनुज्ञा, आणि अनुज्ञेवर हक्क कसला.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने हे तत्त्व पुढे नेले. त्याच्या एकोणऐंशीव्या कलमाची पुढे जी घडण झाली तिच्याप्रमाणे वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या प्रौढास दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा मिळे. अर्ज पंधरा दिवस आधी करावा लागे. वर्षातून तीनपेक्षा अधिक वेळा ती घेता येत नसे. आणि न घेतलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढील साली ओढता येई. कायद्याची भाषा रूक्ष असते, परंतु या कलमात एक वाक्य असे आहे की ते वाचून मला दरवेळी त्या अनाम मसुदाकाराला नमस्कार करावासा वाटतो: रजेच्या काळात, अथवा तिच्या कोणत्याही टोकास, येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरू नयेत. या एका वाक्याने खाड्याच्या हिशेबाचे पारडे फिरले. पूर्वी एका दिवसाचे दोन दिवस कापले जात. आता सहा दिवसांची रजा दोन रविवारांच्या मध्ये अचूक बसवली की तिचे आठ दिवस होत, आणि मधे एखादा सण साधला तर एक दिवस गाठीशीच उरे. वर्षातून तीनदाच घेता येते म्हटल्यावर तर हे बसवणे अपरिहार्य झाले: एक शिमग्याची, एक मे महिन्याची, एक गणपतीची. तीन हा आकडा कोठून आला हे मसुदाकार जाणे. कोकणच्या माणसाने तो आपल्यासाठीच लिहिला असे समजून घेतला तर त्याला दोष देता येत नाही.

गिरगावातील कारकुनाची गोष्ट थोडी निराळी आणि, खरे सांगायचे तर, कमी नाट्यमय. त्याला किरकोळ रजा होती, आजारपणाची होती, हक्काची होती, आणि हुंडीच्या कायद्याखालच्या सुट्ट्यांची यादी होती, जी मुंबईच्या बहुधर्मी वस्तीमुळे भरगच्च असे. त्याची अडचण एवढीच की यादीतील अर्धे दिवस चंद्राच्या चालीने ठरतात. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे सण दरसाल मागे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेतात. गणेशचतुर्थी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पुन्हा १४ सप्टेंबरला. यांतील २०२४ ची चतुर्थी शनिवारी पडली, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याच्या नोकरदाराला ती असून नसल्यासारखी; २०२६ ची सोमवारी, म्हणजे एकही रजा न टाकता तीन दिवस. सुट्टी रविवारी 'बुडाली' असे आपण म्हणतो, ते क्रियापद पूर्वी फक्त पैशाला आणि बोटीला लागत असे.

या गणितासाठी पंचांग लागे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पहिले छापील मराठी पंचांग काढले, आणि पुढे काळबादेवीच्या निर्णयसागर छापखान्याचे पंचांग घरोघर पोचले. पण ते वाचायला जाणता माणूस लागत असे. तिथी आणि तारीख यांना एकाच चौकटीत बसवून ते भिंतीवर टांगण्याचे काम मालवणच्या जयंत साळगांवकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढून केले. लाल अंकातील दिवस मोजणे हा तेव्हापासून चाळीतील डिसेंबरचा विधी झाला. अंक आणल्यावर गृहिणी प्रथम चतुर्थ्या आणि एकादश्या पाही, शाळकरी मुले दिवाळी पाहत, आणि घरचा कर्ता पुरुष कोणाला न दाखवता रविवारी पडलेल्या सुट्ट्या मोजून सुस्कारा सोडी. दुकानांतील नोकरांना या लाल अंकांचा फारसा उपयोग नव्हता; १९३९ च्या दुकाने व संस्था कायद्याने त्यांना आठवड्याची सुट्टी दिली, पण दादरच्या बाजारात ती सोमवारी येई, आणि सणाच्या दिवसांत तर त्यांचे काम दुणावे. २०१७ च्या नव्या कायद्याने त्यांना वर्षाला आठ पगारी सुट्ट्या मिळाल्या, त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार ठरलेले. राज्य शासनाच्या कचेऱ्यांनी २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, आणि लोखंड्यांच्या रविवारला शनिवार जोडला गेला.

मधल्या काळात गिरण्याच गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवले, आणि त्यांतील कितीतरी जण त्या वर्षी शिमग्याला गावी गेले ते रुजू होण्याची तारीख न ठरवताच. फिनिक्स आणि कमला या गिरण्यांच्या आवारांत आता दुकाने आणि कचेऱ्या आहेत, आणि त्या कचेऱ्यांत रजेचा अर्ज कागदावर लिहीत नाहीत.

पण २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि आगबोटीच्या तिकिटाची जागा आरक्षणाने घेतली. ते आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते. गणपतीच्या गाड्या सकाळी आठला उघडतात आणि चहा निवण्याच्या आत भरतात. म्हणून लालबागच्या चाळीतला मुलगा, ज्याच्या आजोबांनी साच्यावर तीस वर्षे काढली, पावसाळा लागता लागताच भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून साठ दिवस उलटे मोजतो, ठरल्या सकाळी आठच्या आधी मोबाईल हातात धरून बसतो, आणि जागा पक्की झाल्यावर, त्याच दिवशी कचेरीत पोचून, साहेबांची मर्जी पाहून रजेचा विषय काढतो. आजोबा आधी मुकादमाला भेटत आणि मग भाऊच्या धक्क्यावर जात. हा आधी तिकीट काढतो आणि मग रजा मागतो.